ब्लॉगची हार्ड कॉपी

आमचे सर म्हणे, ब्लॉगची प्रिंट काढा! स्पायरल करा, वर प्लास्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर रोल नंबर आणि माझी सही. सोमवारच्या आत. समिती येतेय, "दाखवायला काहीतरी हातात हवं ना मॅडम." हातात! अहो, वेब डिझाइन शिकवते मी. 58 पोरांनी चार महिने ब्लॉग लिहिले, असाइनमेंट तिथेच टाकल्या, मी तिथेच तपासल्या, ओरडलेसुद्धा तिथेच. एक कागद लागला नाही याचं मला कोण कौतुक! आता त्या कौतुकाचे 58 गठ्ठे बांधायचे.

आणि प्रिंट कशाची? एका मुलीने मेनूवर माउस नेला की रंग हळूच बदलतो असं केलंय, खरंच सुरेख केलंय. समिती कागदावर कुठे माउस नेणार आहे? दुसऱ्या महाशयांचं पान आत्ता माझ्यासमोर आहे. मार्की, म्हणजे मजकूर पळवणारा टॅग, लावू नका, तो एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, अधिकृत नियमांत कधी मान्य नव्हताच, हे घसा फोडून सांगितलं होतं. लावलीच. प्रिंट निघाली तेव्हा मजकूर पळत पळत डाव्या कडेबाहेर चालला होता, म्हणून कागदावर उरलंय ते "लकम टू माय ब्लॉग". त्याखाली निळ्या अक्षरांत, रेघ मारून, "येथे क्लिक करा". सरांनी त्यावर बोट ठेवून मला गंभीरपणे विचारलं, "हे कुठे जातं?" कुठे जाणार सर, स्पायरलमध्ये! अर्थात हे मनात. तोंडाने म्हणाले, "पत्ता खाली लिहून घेते." झालं, आता अठ्ठावन्न जण पेनाने लिंका उतरवतायत. मोठे अक्षर, छोटे अक्षर, अंडरस्कोअर, सगळं निळ्या बॉलपेनने.

सरांना तरी काय बोलायचं? आमच्या अभ्यासक्रमात फ्रेमसेट, म्हणजे एका खिडकीचे तुकडे करून प्रत्येकात वेगळं पान दाखवायची जुनी पद्धत, अजून दहा मार्कांना जिवंत आहे. एचटीएमएल फाइव्हने त्याला घरी बसवलं, ही आवृत्ती 2014 साली अधिकृत प्रमाण म्हणून जाहीर झाली, पण आमच्यापर्यंत पत्र पोचलेलं नाही.

आणि पोरं? "मॅम, माझ्याकडे तर ओपन होतंय." होणारच रे बाळा, फोटोचा पत्ता सी ड्राइव्ह, यूजर्स, डेस्कटॉप असा दिलायस, सगळं जग तुझ्या डेस्कटॉपवर येणार का? नाहीतर फाइलचं नाव कॅपिटल जेपीजी आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोज लाड करतं, दोन्ही एकच मानतं; लिनक्सचा सर्व्हर मानत नाही. दोन मित्रांच्या ब्लॉगवर अभ्यासपूर्ण प्रतिक्रिया द्या म्हटलं, तर "नाइस ब्लॉग ब्रो". ब्रोचं उत्तर, "थँक्स ब्रो". दोघांनाही मार्क हवेत. एकाने तर गेल्या वर्षीच्या सीनिअरची पोस्ट उचलली, शेवटच्या त्याच्या रोल नंबरसकट.

हे सगळं एका जागी वाचायची सोय होती हो. गुगल रीडर. 1 जुलै 2013 ला बंद केलं. दुसरी दोन-तीन वापरून पाहिली, जीव नाही रमला. मी अजून सुतकात आहे. 58 टॅब उघडून बसते आणि लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा भणभणतो.

तशी मीही काही कमी नाही म्हणा. काल रागारागात माझा स्वतःचा ब्लॉग उघडला, पोरांना आदर्श दाखवावा म्हणून. शेवटची पोस्ट 2021 ची. शीर्षक, "आता दर आठवड्याला नक्की लिहिणार". वरचा फोटो दिसेना. कोड उघडून पाहिला, तर सी ड्राइव्ह, यूजर्स, डेस्कटॉप. गुपचूप बंद केला.

तर आत्ता झेरॉक्सच्या दुकानात उभी आहे. कॉलेज ब्लॅक अँड व्हाइटचेच पैसे देणार आहे, आणि शेवटची असाइनमेंट होती रंगांवर. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5 ला 1 एवढा कॉन्ट्रास्ट हवा, यावर मी तीन तास घालवले होते.

"मॅडम, हे पान कोरंच आलं. टोनर संपला वाटतं."

टोनर ठीक आहे दादा. पांढऱ्यावर फिकट पिवळं आहे ते. रोल नंबर 23.