धोरण लागू होण्याआधीची पाहणी

किमान वेतन वाढवले की नोकऱ्या घटतात, हे अर्थशास्त्रात दीर्घकाळ जवळजवळ गृहीत धरले जात होते. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातील मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटांची पाहणी केली, तेव्हा न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही.

या अभ्यासाच्या निष्कर्षाची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की वाढ लागू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यांची पहिली पाहणी झालेली होती. ती झाली नसती, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या दुसऱ्या पाहणीची तुलना कशाशी करायची, हाच प्रश्न उरला असता. पुढे इतर अभ्यासकांनी पगारपत्रकांच्या नोंदी वापरून हा निष्कर्ष आव्हानित केला आणि वाद बरीच वर्षे चालला. तोही आवश्यकच होता, कारण ज्या आकड्यांवर लाखो लोकांचे वेतन ठरणार, ते दुसऱ्या कोणी तपासून पाहिलेच पाहिजेत.

संशोधन धोरणापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र ते नियमितपणे ऐकणारी यंत्रणा लागते. ब्रिटनमध्ये १९९७ साली स्थापन झालेल्या लो पे कमिशनमध्ये, म्हणजे किमान वेतनाच्या दराबाबत सरकारला शिफारशी करणाऱ्या आयोगामध्ये, मालकांच्या बाजूचे, कामगारांच्या बाजूचे आणि स्वतंत्र अभ्यासक असे प्रत्येकी तीन सदस्य असतात. एप्रिल १९९९ मध्ये प्रौढांसाठी तासाला ३.६० पौंड हा दर लागू झाल्यानंतरही आयोग परिणामांवर संशोधन करवून घेत राहिला आणि पुढच्या शिफारशी त्या आधारावर देत राहिला. ही रचना मला अत्यंत आदर्श वाटते.

ज्या योजनेवर कोणाचाच आक्षेप नसतो, तिचीही परीक्षा व्हायला हवी. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधण्यास मदत करणारा कार्यक्रम २३५ भागांत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे, कुठे जास्त तर कुठे कमी प्रमाणात राबवून तपासला गेला. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या अधिक मिळाल्या. परंतु त्या काही अंशी मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्याच्या होत्या, आणि हा लाभ फार काळ टिकलाही नाही. केवळ लाभार्थ्यांची संख्या मोजली असती, तर हाच कार्यक्रम यशस्वी म्हणून जाहीर झाला असता.

व्याख्यांचा प्रश्न तर मला याहूनही गंभीर वाटतो. आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार, पाहणीसाठी ठरवलेल्या आठवड्यात वेतनासाठी किंवा नफ्यासाठी एक तासभर काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते, आणि शोधून थकल्यामुळे नोकरीचा शोध सोडून दिलेली व्यक्ती बेरोजगारांतही मोजली जात नाही. म्हणून बेरोजगारीचा दर खाली आल्याचे वाचले, की श्रमबलातील सहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांचे प्रमाण) आणि कामाचे तास हे दोन आकडे मी आधी पाहते. विनावेतन घरकाम आणि संगोपन यांना ‘काम’ या व्याख्येत स्पष्ट जागा मिळाली ती २०१३ साली, श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. आता पाहणीच्या प्रश्नावलीत त्या तासांसाठी रकाना असावा आणि तो दरवर्षी भरला जावा, इतकी साधी मागणीसुद्धा अनेक ठिकाणी अजून पूर्ण व्हायची आहे.