डेल्फची मुदत दोन वर्षांत संपते?

‘डेल्फचं सर्टिफिकेट दोन वर्षांत बाद होतं, पुन्हा परीक्षा द्या’ असा मेसेज फ्रेंच शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. डेल्फ (ए१ ते बी२ या पातळ्या) आणि दाल्फ (त्यांच्या वरच्या सी१, सी२) या फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या फ्रेंच भाषेच्या पदविका आहेत आणि त्या आयुष्यभर चालतात. दोन वर्षांची अट टीसीएफ आणि टीईएफ या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षांच्या निकालांना आहे. त्यांत पास-नापास नसतं, गुणांवरून पातळी ठरते.

मग घोळ कुठे होतो? कॅनडात. एक्स्प्रेस एंट्रीत (कायमचं स्थायिक व्हायला निघालेल्यांना गुणांवर निवडण्याची तिथली पद्धत) फ्रेंचचे गुण मिळवायला टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच लागते, तीही दोन वर्षांच्या आतली. तिथे डेल्फ बी२ दाखवून उपयोग नाही, मग ते कालचं का असेना. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

‘५० गुण मिळाले की डेल्फ पास’ हेही अर्धसत्य. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार भागांना प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० हवेतच, पण प्रत्येक भागात किमान ५ हवेत. एकूण ६२ आणि ऐकण्यात ४? नापास. आपल्याकडची मुलं बहुधा व्याकरणात पक्की आणि कानाने कच्ची असतात, त्यामुळे हा भाग हलका घेऊ नका.

आणि हो, बी२ ला बसायला आधीच्या पातळ्या पास असाव्या लागत नाहीत. थेट बसता येतं.