काटेरी तारेवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली तशी मी तावातावाने एक उत्तर लिहिलं होतं. ते पुसून टाकलं. तुमचा एक आरोप खरा आहे आणि त्या उत्तरात मी नेमका तोच सोयीस्करपणे गाळला होता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या वरातीच्या घोडीला मोकळं सोडायला बांबूचं वाडगं, म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा, कसं बांधलं, ते मी मागे लिहिलं होतं. त्यावर भाऊ म्हणतात की हा पगारदाराचा शौक आहे, बांबू दोन पावसाळ्यांत सडतो हे मी लपवलं आणि काटेरी तारेत हेच काम निम्म्या पैशांत होतं. त्यांच्या आजोबांनी तर घोडी अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून, गोठ्यातच ठेवली, तिला काही झालं नाही. शेवटी विचारतात, ‘घोडं पोसता का जावई?’

जावई स्वस्त पडला असता, ते असो.

आधी खरा आरोप. आपल्या काळ्या मातीत गाडलेला बांबू टिकत नाही, वाळवी आणि ओल मिळून त्याला खातात. मी ‘बांबूचं कुंपण’ असं मोघम लिहून मोकळा झालो, खांब सिमेंटचे आहेत हे सांगायचं राहूनच गेलं. वावराच्या कुंपणाला लावतो तेच हे खांब, बांबू फक्त आडवे. जमिनीला न टेकलेला बांबू बरेच दिवस चालतो आणि एखादा फुटला तर तेवढाच बदलता येतो.

हिशेबही मांडायला हवा होता. वाडगं 80 बाय 60 फूट, म्हणजे घेर 280 फूट. 8-8 फुटांवर खांब धरले तर 35. आडव्या ओळी तीन, जमिनीपासून दीड, तीन आणि साडेचार फुटांवर, म्हणजे 840 फूट. वीस फुटी मानवेल जातीच्या बांबूचा बारीक शेंडा उडवला की सोळा फूट कामाचा उरतो, तो खांबांमधले बरोबर दोन गाळे झाकतो. तुटफूट धरून 60 बांबू लागतात. दर तुमच्या बाजाराचा लावा. मानवेलच घ्या, तो भरीव असतो. कटांग जातीचा बांबू पोकळ, फुटला की त्याच्या चिपा सुरीसारख्या कापतात. आणि माल दिवाळीनंतर तोडलेला हवा, पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागून पीठ गळतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, स्वतःचं बांबूचं बेट असेल तर हा खर्चही वाचला. तो तोडायला घाबरू नका, वनाबाहेरचा बांबू 2017 मध्ये वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून काढला आहे.

बांबूला जळकं ऑइल पाजायचा सल्लाही तुम्ही दिलाय. तो नको. घोडं रिकामं उभं राहिलं की लाकूड कुरतडतं.

आता तार. आमच्याकडे आधी काटेरी तारच होती, हे मागच्या लेखात लिहायची मला लाज वाटली. लग्नसराईत शेजारच्या गल्लीत फटाके वाजले आणि घोडी सरळ तारेत गेली. बैल तारेत अडकला तर थांबतो, मागे सरकतो. त्याची कातडी जाड असते आणि स्वभाव सोशिक. घोडा भ्याला की फक्त पळतो. पाय अडकला तर तो आणखी जोर लावतो, आणि त्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतंच, कातडीखाली लगेच शिरा आणि हाड. घातलेले टाके तुटले. धनुर्वाताचं इंजेक्शन तातडीने दिलं, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. पुढे जखमेवर मांस वर आलं, ते कापावं लागलं. अडीच महिने पट्ट्या. त्या सराईत तिने एकही वरात केली नाही. तुमच्या निम्म्या पैशांत हे धरलंय का?

साधी गुळगुळीत तारही नको. पळत्या घोड्याला बारीक तार दिसत नाही. बांबू दिसतो.

आजोबांच्या घोडीबद्दल मी उलट बोलणार नाही. माझा अंदाज, ती दिवसभर बंडीला किंवा खोगिराखाली असणार. रात्रभर बांधलेली घोडी दिवसा दहा कोस चालत असेल तर गोष्ट वेगळी. आमची वर्षातले दोन-तीन महिने कामाला जाते. बैलाला खुंटा पुरतो, कारण खाणं झालं की त्याला बसून रवंथ करायचं असतं. घोड्याला रवंथ नाही. त्याचं पोट लहान, त्याला दिवसरात्र थोडं थोडं खात, चालत राहायचं असतं. खुंट्याला बांधून दोन वेळा ढीगभर कुटार (भुसा) टाकलं की पोटशूळ होतो. वर घोड्याला उलटी करता येत नाही, बिघडलेलं वर येऊन मोकळं होत नाही.

खांबांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण माझी चूक इथेच झाली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब तिरपे करते. पहिल्या वर्षी निघालेलीच माती खड्ड्यात परत भरली. पोळ्यापर्यंत सात खांब झुकले. आता अडीच फूट खड्डा, आत दगड आणि मुरूम, दर थराला पहारीने ठोकून. खड्ड्यात सिमेंट ओतायचं ते फक्त कोपऱ्यांच्या आणि फाटकाच्या खांबांना. पैसा तिथे घाला, मधल्या खांबांवर वाचवा. बांबू खांबांच्या आतल्या अंगाने बांधा. घोडी रेलली तर बांबू खांबावर दाबला जातो, बाहेरून बांधला तर बांधणी उकलते. फाटकाशी आणि हौदाशी मुरूम पसरा, नाहीतर श्रावणात नुसता राबडा होतो आणि टापा सडतात.

वरच्या बांबूवर आतून झटका मशीनची, म्हणजे हात लागला की विजेचा हलका झटका देणाऱ्या यंत्राची, रुंद पट्टी लावली आहे, रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) वावरात लावतो तीच मशीन. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की झटका बसत नाही. अर्थिंगच्या सळईपाशी बादलीभर पाणी ओतत जा. लाइनचा करंट तारेत सोडायचं तेवढं कोणी मनातही आणू नका, त्यात माणसं मेली आहेत.

तुम्ही तारेची दोन बंडलं आधीच आणलीत म्हणता. दुकानदार परत घेत नसेल तर बाहेरच्या धुऱ्याला लावा, गावची ढोरं अडतील. वाडग्यापासून दहा-बारा फूट लांब मात्र ठेवा.

फाटकाची कडी माझी घोडी आठवड्यात ओठांनी काढायला शिकली. आता बाहेरून साखळी आणि आकडा आहे. तो कसा बसवलाय त्याचा फोटो उद्या टाकतो, आज सकाळपासून लाइन नाही आणि मोबाइल बंद पडायला आलाय.