हजेरी संपली, वही उरली

सप्टेंबर संपत आला की आमच्या ऑन्टारिओतल्या शाळेत नारिंगी शर्ट दिसायला लागतात. ३० सप्टेंबरचा हा दिवस फिलिस वेबस्टॅड यांच्या आठवणीवरून सुरू झाला. १९७३ साली सहा वर्षांच्या फिलिसला आजीनं नवा चकचकीत नारिंगी शर्ट घेऊन दिला. तो घालून ती ब्रिटिश कोलंबियातल्या मिशनच्या निवासी शाळेत, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या शाळेत, गेली आणि पहिल्याच दिवशी तो तिच्या अंगावरून उतरवून घेतला गेला. पुन्हा मिळाला नाही. २०२१ पासून केंद्र सरकारनं या दिवशी सुट्टी दिली, ऑन्टारिओ प्रांतानं दिली नाही. म्हणून आमची शाळा चालू असते, आणि लहान वर्गांना ही गोष्ट सांगायचं काम माझ्यासारख्या मदतनीस बाईकडे येतं.

त्याच संध्याकाळी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास कुणीतरी लिहितं, "किती वर्षं उगाळणार हे लोक? सरकारनं माफी मागितली, पैसे दिले, आता पुढं जायला नको का?" खाली अंगठे पडतात. याच ग्रुपवर आदल्या महिन्यात कुणाला तरी दुकानात "आपल्या देशात परत जा" असं ऐकवलं गेलं, त्यावर दोन दिवस चर्चा झालेली असते. ती व्हायलाच हवी. मलाही इथं ते ऐकावं लागलं आहे, आणि रस्त्यात ऐकलेलं असं वाक्य रात्री अंथरुणावर पुन्हा ऐकू येतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण "किती उगाळणार" हा प्रश्न मी घरातूनच ओळखते. मी कैकाडी. माझी आज्जी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या आत जन्मली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू झाला, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही त्याचा फास आवळला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींची पोरं जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं, आतल्या लोकांना गिरण्यांत कामाला जुंपलं. आज्जी सांगायची, भोंग्याच्या वेळेला बाप बाहेर पडायचा, परत आला की हजेरी. लग्नाला, मयताला गावाला जायचं तर दाखला काढायचा, तिथं पोहोचलं की तो पाटलाला दाखवायचा. हजेरीच्या वहीतलं नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. हजेरीला उशीर झाला तर काय व्हायचं ते ती सांगत नसे, पदर तोंडाशी घ्यायची आणि चुलीकडे वळायची.

आता कॅनडा बघा. इथल्या मूळ रहिवाशांना सरकार "इंडियन" म्हणायचं. त्यांच्यावरचा इंडियन अॅक्ट १८७६ चा, आमच्या कायद्याच्या पाच वर्षं मागून आलेला, आणि अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू असलेला. १८८५ च्या उठावानंतर इथल्या पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांना राखीव वस्तीबाहेर पडायचं तर इंडियन एजंट या सरकारी अधिकाऱ्याकडून पास घ्यावा लागायचा. आपल्याकडे १८९७ च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात टाकायची सोय केली. इथं तेच काम निवासी शाळांनी केलं, आणि १९२० मध्ये तिथं जाणं सक्तीचं झालं. शंभराहून जास्त वर्षांत सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. केस कापले, भाषा बंद केली, कित्येक शाळांत नावाऐवजी नंबर दिले. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे मी सोलापुरात शाळेत जात होते तेव्हा. दोन्हीकडची फाईल एकाच साम्राज्याच्या टेबलावरची. मुलं घरापासून तोडली की माणूस सुधारतो, हा साहेबाचा विश्वासही तोच.

आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर ब्रँटफर्ड आहे. तिथली मोहॉक इन्स्टिट्यूट ही शाळा १९७० पर्यंत चालली. मुलं तिला "मश होल" म्हणायची, कारण ताटात रोज तीच पातळ लापशी. आवारात सफरचंदाची बाग होती. भुकेल्या पोरांनी फळ तोडलं तर मार. मला तिथं थांबवलं ते मागच्या भिंतीनं. लाल विटा, आणि त्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं. कुठं आद्याक्षरं, कुठं साल. खिळ्यानं कोरली असावीत, काही अक्षरं वाकडी, एका विटेवरचं नाव अर्ध्यातच थांबलेलं. शाळेच्या कागदावर मुलाचं नाव साहेबानं लिहिलं, या विटांवर ते मुलानं स्वतः लिहिलं.

२०१३ मध्ये छत गळायला लागलं तेव्हा इमारत पाडायची की ठेवायची, असा प्रश्न सिक्स नेशन्स या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतल्या लोकांपुढं आला. त्यांनी आपसात कौल घेतला. बहुसंख्यांनी सांगितलं, ठेवा. मोहिमेचं नावच त्यांनी ठेवलं, "पुरावा वाचवा". ज्या इमारतीत मार खाल्ला तीच दुरुस्त करायला त्यांनी पैसे गोळा केले, आणि आता तिथं येणाऱ्यांना आत काय घडलं ते सांगितलं जातं. मला वाटतं, जखम भरणं म्हणजे काय हे इथं समजतं. तो निर्णय सरकारनं घेतला असता तर ते एक स्मारक झालं असतं. तो त्यांनी घेतला म्हणून ती इमारत त्यांची झाली.

हे माझं भावुक मत नाही. मायकल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमधल्या तरुणांच्या आत्महत्या अभ्यासल्या आणि १९९८ साली ते काम प्रसिद्ध केलं. "मूळ रहिवाशांत आत्महत्या फार" असं सरसकट बोललं जायचं, त्याला त्यांनी टाचणी लावली. काही वस्त्यांत प्रमाण भयानक होतं, काहींत शून्य. फरक कशाचा? ज्यांची स्वतःची कारभारी मंडळं होती, ज्यांनी जमिनीच्या हक्कासाठी दावा लावला होता, ज्यांच्या हातात शाळा, दवाखाना, पोलिस आणि अग्निशमन दल होतं, ज्यांच्याकडे आपल्या रीतिरिवाजांसाठी जागा होती, तिथं पोरं जगत होती. असे सहाही घटक असलेल्या वस्त्यांत त्यांनी अभ्यासलेल्या वर्षांत एकही तरुण आत्महत्येनं गेला नव्हता. म्हणूनच आमच्याकडच्या पुरवण्यांत "आघातातून बाहेर कसं यावं" म्हणून डायरी लिहा, श्वासावर लक्ष द्या असं छापून येतं तेव्हा मला हसू येतं. डायरी जरूर लिहावी. पण ज्याच्या दारात रात्री बारा वाजता चौकशीला पोलिसांची गाडी येते, त्यानं श्वासावर लक्ष देऊन काय करायचं?

कॅनडाचं कौतुक मात्र बेतानं करावं. सिक्स नेशन्सच्या कित्येक घरांना आजही नळानं शुद्ध पाणी येत नाही, आणि हे टोरंटोपासून दीड-दोन तासांवर. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला "आपण अमुक जमातीच्या भूमीवर जमलो आहोत" असं वाचून दाखवतात, आणि पाण्याचा विषय अजेंड्यावर नसतो. २०२१ मध्ये कॅम्लूप्सच्या जुन्या निवासी शाळेजवळ जमिनीखालच्या रडारनं संभाव्य कबरींच्या खुणा सापडल्या, २१५ हा आकडा जगभर गेला. तिथं खोदकाम झालेलं नाही, तेवढ्याच धाग्यावर आता "हे सगळं बनाव आहे" म्हणणाऱ्यांची एक फळी उभी आहे. कॅम्लूप्सचं काय निघायचं ते निघो, निवासी शाळांत मेलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नोंद राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्राकडे आहे, ती शाळांच्या आणि सरकारच्याच कागदांतून निघालेली. नाकारणाऱ्यांना नाकारायचं असतं, कागद वाचायचा नसतो.

तरी एक गोष्ट इथं झाली. न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर, स्वतः अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजाचे, यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगानं देशभर फिरून साडेसहा हजारांवर साक्षी ऐकल्या आणि २०१५ मध्ये ९४ मागण्या सरकारपुढं ठेवल्या. त्यातली एक फारच साधी आहे: ज्यांची नावं शाळांनी बदलली त्यांना पासपोर्टपासून सगळ्या कागदांवर आपलं मूळ नाव फुकट परत लावून मिळावं. आयोग उभा राहिला तो शाळांतून वाचलेल्यांनी कोर्टात धरलेल्या दाव्यांच्या तडजोडीतून. सरकारनं आपण होऊन काही दिलं नव्हतं.

आपल्याकडे विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, आणि भटक्या जमातींसाठी दोन राष्ट्रीय आयोग झाले. बाळकृष्ण रेणके यांचा, २००८ मध्ये अहवाल देणारा, आणि त्यानंतर दशकानं भिकू रामजी इदाते यांचा. दोघेही मराठी माणसं. रेणके आयोगानं विमुक्त-भटक्यांची संख्या दहा-अकरा कोटींच्या घरात धरली. यातलं किती वाचकांनी ऐकलं आहे? मंडळाच्या गणपतीत मी हा विषय काढला, तर एक काका म्हणाले, "अगं, ते इंग्रजांनी केलं, आपण कुठं?" इंग्रजांनी केलं हे खरंच. पण ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, ते केले आपण. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक माझ्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे, भिक्षेला गेलेले. मुलं पळवणारी टोळी अशी अफवा होती. फिरता माणूस म्हणजे चोर, हे त्या जमावाला शिकवायला कुणी इंग्रज आला नव्हता.

२०२३ मध्ये ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगानं जातीवरून होणारा भेदभाव इथल्या कायद्यात बसतो असं स्पष्ट केलं, तेव्हा तेच काका "इथं जात आहेच कुठं" म्हणत चिडले होते. त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी चाललेल्या स्थळांच्या चौकशीत ती होती, इतकंच नोंदवते.

माझ्या वडिलांना आमची बोली यायची, द्राविडी कुळातली, तमिळशी नातं सांगणारी. त्यांनी आम्हाला ती शिकवली नाही. वर्गात तोंडून एक शब्द निसटला की कुणाची पोर ते कळायचं. आता मी आत्याकडून फोनवर शिकते आहे. ती आधी लाजायची, हल्ली चुका काढते आणि खो खो हसते. इथं मोहॉक भाषेच्या वर्गात चाळिशीतली माणसं लहान मुलांसारखी पाठ म्हणतात, ते पाहिल्यावर मला हे सुचलं. माझ्यातलं काही जोडलं जातं आहे का? हो, असं म्हणायला हरकत नाही.

पण मूळ मुद्दा वहीचा. ज्यांनी निवासी शाळांत आपल्यावर झालेल्या अत्याचाराची बंद दाराआड साक्ष दिली, त्यांच्या त्या नोंदींचं काय करायचं यावर इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये निकाल दिला: पंधरा वर्षं ठेवा, मग नष्ट करा, पण ज्यानं सांगितलं त्याला जपून ठेवायच्या असतील तर ठेवा. म्हणजे कागद सांगणाऱ्याचा. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या नियमांवर ताशेरे ओढले. स्वातंत्र्याला सत्याहत्तर वर्षं झाल्यावर.

सेटलमेंटच्या वह्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सोलापुरात "सेटलमेंट फ्री कॉलनी" हा पत्ता अजून टपालावर लिहितात, तिथल्या चुलतभावाच्या मुलीला जातीचा दाखला काढायचा आहे. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. पणजोबांना ना जमीन, ना सातबारा, ना शाळा. त्यांचं नाव सरकारदरबारी कुठं असेल तर हजेरीच्या रजिस्टरात. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, ज्या वहीनं चोर ठरवलं तिच्याच पाया पडायचं होय?" मी म्हटलं, पाया कशाला पडायचं, मागून घ्यायची. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो आहोत. मजकूर मी इथून लिहून पाठवला आहे. नुसती झेरॉक्स मागू नकोस, मूळ रजिस्टर प्रत्यक्ष पाहायची मागणीही त्यात घाल, असं त्याला बजावलं. कायद्यात तशी तरतूद आहे. "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर ते कधी, कुणाच्या आदेशानं नष्ट केलं, त्याची नोंद मागायचा दुसरा अर्जही तयार ठेवला आहे.