लिंबची बारा मोटेची विहीर: महालाच्या आधी मोट बघा

साताऱ्याजवळच्या लिंब गावाला जाणारी बहुतेक मंडळी तडक पायऱ्या उतरतात, विहिरीतल्या महालात फोटो काढतात आणि गाडीला किक मारतात. महाल देखणा आहे, वाद नाही. शके 1641 ते 1646, म्हणजे इ. स. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी हे काम करून घेतलं. पण ही विहीर आधी पाणी उपसायची यंत्रणा आहे, महाल त्यानंतर.

वर काठावर या. 15 मोटांची, म्हणजे बैलांनी ओढायच्या कातडी पिशव्यांची सोय, एका वेळी 12 चालत. आमराईची 3300 झाडं या पाण्यावर होती असं सांगतात.

कातडी मोटेला दोर दोन. तोंडाला जाड नाडा, तो वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाला. खालच्या सोंडेला, म्हणजे पाणी सोडायच्या नळीला बारीक सोंदूर, तो खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या लाटेवरून. धाव, म्हणजे बैलांची चालायची वाट, विहिरीपासून लांब उतरत जाते, म्हणजे भरलेली मोट ओढताना बैलांचं वजनही कामाला येतं. वर येईपर्यंत सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला राहते, काठाशी येताच थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत उघडते. सगळी मेख सोंदुराच्या लांबीत. तो हातभर जास्त झाला की सोंड लोंबते आणि अर्धं पाणी वाटेतच परत विहिरीत!

आता हिशोब. मोटेला 150 लिटर धरा. 12 मोटांची एक फेरी 1800 लिटर. विहिरीचा व्यास सुमारे 50 फूट, तेव्हा पातळी जेमतेम 1 सेंटिमीटर उतरणार. शिवाय दुपारी आणि रात्री बैल सोडावेच लागत, तेवढ्यात झरे विहीर पुन्हा भरत.

गाळ काढायच्या उत्साहात नेमका हाच सावकाश उपसा विसरला जातो. तीन-चार पंप रात्रंदिवस लावून जुनी विहीर कोरडी केली की आतलं पाणी जातं, पण भिंतीमागची माती ओलीच राहते. तिचा दाब अडवायला समोर काही उरत नाही. भिंत पोटात फुगते, मग दगड निसटतात. उपसा टप्प्याटप्प्यानं, मध्ये थांबून करावा.

दुसरा शत्रू सिमेंट. सांधे सिमेंटनं बुजवले की मागचं पाणी झिरपून बाहेर पडायची वाट बंद. तिथे चुनाच हवा: भिजवून मुरवलेला, वाळू आणि सुरकी, म्हणजे विटांची भुकटी घालून. पिंपळाचं रोप हिसका देऊन उपटू नये, मुळाबरोबर दगड हलतो. बुंध्याशी कापावं, मूळ मारावं आणि मगच सांधा भरावा. हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. भर उन्हात चुना वरवर सुकतो आणि आत भुसभुशीत राहतो. आठवडाभर तरी ओलं गोणपाट लावून ठेवा.

आणि जुन्या विहिरींच्या काठावर पेव्हर ब्लॉक घालायचा मोह आवरा, राव. मातीची धाव त्याखाली एकदा गेली की बैल कुठून कुठे चालत होते हे कुणाला दाखवणार?