डबा, दोन अँटेना आणि आठ संशोधक

आज सकाळी विभागाच्या ग्रुपवर पुन्हा तेच. ‘इंटरनॅशनल पेटंट ग्रँटेड’, खाली प्रमाणपत्राचा फोटो, त्याखाली टाळ्यांची आणि पुष्पगुच्छांची रांग. दुपारपर्यंत नुसतं ‘अभिनंदन सर’, ‘हार्दिक अभिनंदन मॅडम’, ‘विभागाची मान उंचावली’. मी तो फोटो मोठा करून बघितला. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्रेशन फॉर अ यूके डिझाइन’. डिझाइन! वस्तू दिसते कशी, एवढ्यापुरती नोंद. ती काम काय करते, मुळात करते का, हे त्यात कुणी विचारतच नाही. ब्रिटनचं कार्यालय ते डिझाइन नवीन आहे की जुनं हेसुद्धा नोंदणीआधी तपासत नाही. फॉर्म भरा, फी भरा, प्रमाणपत्र घ्या. याला पेटंट म्हणणं हे सरळ खोटं बोलणं आहे, आणि ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे.

वस्तू काय, तर एक चौकोनी डबा. वर दोन अँटेना, पुढे छोटी स्क्रीन. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून अशी त्याची चित्रं. नाव दोन ओळींचं: कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित, नेटवर्कमधली घुसखोरी आणि जैविक नमुने ओळखणारं यंत्र. म्हणजे हॅकरही यानेच पकडायचे आणि जंतूही यानेच. खाली आठ नावं. त्यांतल्या दोघांचा विषय वाणिज्य. एकांनी आयुष्यात पिपेट हातात धरलेली नाही. कॉम्प्युटरवाले म्हणवणारे जे आहेत त्यांना विभागाच्या वायफायचा राउटर रीस्टार्ट करायलासुद्धा तासिकेवरचा मुलगा लागतो. डब्याच्या आत काय आहे? काहीच नाही, कारण तो डबा कुणी बनवलेलाच नाही. एजंटाने चित्र काढून दिलं, यांनी पैसे दिले.

हा आरोप मी हवेत करत नाही. असा मेसेज मलाही आला होता, तुम्हालाही आला असेलच. ‘पहिली, दुसरी, तिसरी पोझिशन बुक. चौथी शिल्लक. फायलिंग याच आठवड्यात. प्रमाणपत्र हमखास.’ एसटीच्या सीटसारखं संशोधकाचं नाव विकायला काढलंय, खिडकीचे पैसे जास्त. पाठवणाऱ्याला मी विचारलं, शोध काय आहे? उत्तर आलं, ‘मॅडम, टॉपिक तुम्ही सांगा, आपण करून देऊ.’

याचं मूळ कुठे आहे तेही सगळ्यांना पाठ आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतला, प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठीचा तो गुणांचा तक्ता. आंतरराष्ट्रीय पेटंटला १० गुण, राष्ट्रीय पेटंटला ७. एका विद्यार्थ्याला हाताला धरून, त्याचे बिघडलेले प्रयोग निस्तरत पीएचडीपर्यंत न्यायचं, त्यालाही १०च. मग कोण कशाला वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत बसेल? ब्रिटनहून आलेला डब्याचा कागद काही आठवड्यांत दहा गुण देतोय. आणि छाननी समितीत बसलेले लोक कागदावरचं शीर्षकही वाचत नाहीत. वाचत नाहीत की वाचायचं नसतं, हे मला खरंच कुणीतरी सांगावं.

माझा तोल आज जास्त जायचं कारण वेगळं आहे. याच आठवड्यात आमची, म्हणजे माझी आणि माझ्या पीएचडीच्या गाइड मॅडमची, पेटंटची फाईल परत आली. आमचं काम मळीच्या पाण्यावरचं. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणारं ते काळपट तपकिरी पाणी, ज्याचा वास आमच्याकडच्या अर्ध्या गावांना जन्मापासून माहीत आहे. त्याचा रंग साध्या प्रक्रियेने जात नाही, तो रंग देणारं मेलॅनॉइडिन सहजासहजी तुटत नाही. ओढ्याकाठच्या मातीतून वेगळा केलेला आमचा एक जिवाणू तो रंग उतरवतो. फ्लास्कमध्ये डोळ्यांदेखत उतरवतो. शेजारी जिवाणू न घातलेला फ्लास्क तसाच काळा, आणि हा चहाच्या रंगावरून फिक्या पिवळ्यावर येतो. किती वेळा लाइट गेली, किती वेळा उणे ऐंशीच्या फ्रीजरचा अलार्म रात्री वाजला आणि बर्फ आणायला धावलो, ते मी इथे लिहीत बसत नाही. हे काम आहे, आणि ते खरं आहे.

तर फाईल परत. शेरा तोंडी, कारण लेखी द्यायची कुणाची हिंमत नाही: ‘आधी पेपर टाका ना, पेपर लगेच मोजता येतो. पेटंटचं नंतर बघू.’ हे कोण सांगतंय? ज्यांच्या दारावर बौद्धिक संपदा कक्ष अशी पाटी आहे ते! अहो, आधी छापलं की नावीन्य संपलं, हा या धंद्यातला पहिला धडा. आपल्या कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे ती विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आणि अशाच मोजक्या प्रसंगांना. कुठल्याही जर्नलमध्ये छापा आणि मग निवांत या, असं त्यात कुठेही नाही.

आणि हा धडा शिकायला दूर जायला नको, हळद पुरेशी आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट मिळालं. तेसुद्धा विद्यापीठाचंच संशोधन. आपल्या माशेलच्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? हे आधीच लिहिलेलं आहे, या पुराव्याच्या जोरावर. जुने ग्रंथ, जुने छापील लेख टेबलावर ठेवले. आधी छापलेलं असलं की पेटंट उडतं, हे आख्ख्या देशाला कळलं, प्रत्येक पेटंट कार्यशाळेत हळदीची स्लाइड दाखवली जाते, आमच्या कक्षानेही दाखवली होती. आणि तीच माणसं मला सांगतात, आधी छापा.

मोठमोठ्यांचंही असंच गेलंय. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडून जिवाणूत वाढवायचं तंत्र शोधलं, १९७३ मध्ये छापलं. स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयातल्या नील्स रायमर्स यांना ते कळलं पुढच्या वर्षी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून, आणि अर्ज गेला १९७४च्या नोव्हेंबरात, छापल्यानंतर अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी एक वर्षाची मुदत संपता संपता. अमेरिकेतला हक्क वाचला, बाहेरच्या देशांतला गेला. तरीसुद्धा त्या एका शोधाने स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोघांच्या विद्यापीठांना मिळून सुमारे २५ कोटी डॉलर मिळवून दिले. एमआयटीच्या रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांचं आरएसए, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवायची पद्धत, जिच्यावर पुढे बँकांचे आणि ब्राउझरचे सुरक्षित व्यवहार उभे राहिले, त्याचंही तेच. १९७७च्या ऑगस्टमध्ये पद्धत मासिकात आली, अर्ज डिसेंबरात, पेटंट १९८३ मध्ये, फक्त अमेरिकेत. एक जैवतंत्रज्ञानातला, एक नेटवर्क सुरक्षेतला, दोन्हीकडचे सगळ्यात मोठे विद्यापीठीय शोध, आणि दोघांनी बाहेरचं जग गमावलं ते आधी छापल्यामुळे. त्यांना निदान अमेरिकेच्या त्या एका वर्षाने तारलं. मला कोण तारणार?

बरं, जिवाणूचं पेटंट म्हणजे काय नुसता फॉर्म आहे का? निसर्गात सापडलेला जिवाणू जसाच्या तसा पेटंटला चालत नाही, प्रक्रिया मांडावी लागते, आमचं तेच चाललंय. त्यासाठी जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. पुण्यात तशी संस्था आहे, नशीब. त्यासाठी शुद्ध कल्चर, ओळख पटवलेली, भरलेले अर्ज. वर जैवविविधता कायद्याखालची नोंदणी. हे सगळं आम्ही आनंदाने करतो, कारण ते असायलाच हवं. जिवाणू इथल्या मातीतला आहे, त्याचा हिशोब द्यायलाच हवा. डबेवाल्यांना यातलं एक पाऊल टाकावं लागत नाही आणि शाल-श्रीफळ त्यांना.

दुसरं सोंग ‘पेटंट पब्लिश्ड’चं. आपल्याकडे शैक्षणिक संस्थेला अर्जाची फी १६०० रुपये आणि लवकर प्रसिद्धीसाठी २५००. झाले ४१००. महिनाभरात पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये नाव येतं. तपासणीची विनंतीसुद्धा केलेली नसते, ती केली तर आणखी पैसे आणि मग परीक्षकाच्या हरकती, त्यांना उत्तरं द्यायला डोकं लागतं. म्हणून पब्लिश करून सोडून द्यायचं. तेवढ्यावर गेटवर फ्लेक्स. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, शिक्षणसंस्थांच्या रँकिंगमध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्जांनाही गुण मोजले गेलेत, मग संस्थाही गप्प. सरकारने शैक्षणिक संस्थांची फी २०२१ मध्ये ८० टक्क्यांनी कमी केली ती खऱ्या काम करणाऱ्यांसाठी. तिचा उपयोग फ्लेक्स छापायला व्हावा याचा मला मनापासून संताप येतो.

कॉम्प्युटर विभागातल्या माझ्या मैत्रिणीचं तर विचारूच नका. ती नेटवर्कवरच्या एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक केलेल्या, ट्रॅफिकमधून, आतला मजकूर न उघडता, हल्ला ओळखायचं काम करते. प्रामाणिक काम, स्वतःच्या लॅबमध्ये उभं केलेलं नेटवर्क, स्वतः पकडलेली पॅकेट्स. तिला पेटंट कायद्याच्या कलम ३(के)ची हरकत आली, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम पेटंटला पात्र नाही. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दिसत असेल तर विचार करा असं सांगितलंय, त्याच्या आधाराने तिने उत्तर लिहिलं, स्वतः, कारण वकिलाची फी द्यायला कक्षाकडे ‘हेड नाही’. आणि तिच्या शेजारच्या केबिनमध्ये केडीडी-९९ या हल्ले ओळखायच्या जुन्या डेटासंचावर ९९ टक्के अचूकता काढून पेपरामागून पेपर निघतायत. तो डेटा १९९८च्या बनावट ट्रॅफिकवरून तयार केलेला आहे! तेव्हाचे हल्ले आज कुठे आहेत? तरी दर वर्षी दोन एम.टेक. त्याच्यावर, आणि आता डबाही.

शुक्रवारी म्हणे त्या आठ जणांचा सत्कार आहे, प्रत्येकी वर्गणी काढायची आहे. मी एक रुपया देणार नाही आणि का देत नाही ते विचारलं तर त्याच ग्रुपवर प्रमाणपत्रावर लाल गोल करून टाकेन. मॅडमना मी हे सांगितलंय. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझं सबमिशन व्हायचंय.’ माहीत आहे मला. २०२२ मध्ये यूजीसीने पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली, आमच्या विभागात ती अजून काढलेली नाही, आणि तिथे कुणाच्या सह्या लागतात तेही माहीत आहे.

पण पेपर जाणार नाही. सोमवारी मी आणि मॅडम पुन्हा कक्षात बसणार आहोत. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरा, फी आम्ही खिशातून देतो, बारा महिन्यांत पूर्ण मसुदा देतो, एवढंच मागणं आहे. या वेळी नाही म्हणायचं असेल तर तोंडी चालणार नाही. कारणासकट, सही-शिक्क्यासकट, लेखी द्या.