आधी जाळं, मग रॉड: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती, तिखट होती आणि मुद्देसूदही होती. तेव्हा ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून कटवण्यापेक्षा सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्प मासा गरवायला तळ्याकाठी मुक्काम ठोकणाऱ्या नवख्यांना मी सुचवलं होतं, की रॉड आणि रिळावर बेताचाच खर्च करा. मोठं जाळं, धरलेला मासा ठेवायची मऊ मॅट, तंबू आणि झोपायची सोय यांवर हात आखडता घेऊ नका. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे गणितच उलटं आहे, मासा रॉडने धरतात, मॅटने नाही. तीन पौंडी रॉड म्हणजे पोरखेळ, घ्यायचा तर साडेतीनचाच, आणि त्यावर ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन. खाट-बिट हे चोचले. तंबूत स्टोव्ह पेटवू नका हा तर निव्वळ बागुलबुवा, दार हातभर उघडं ठेवलं की काही होत नाही. शेवटी जुना इंग्लिश गळकरी रिचर्ड वॉकर याचा दाखला देऊन तुम्ही विचारलंत, त्याच्याकडे कुठे होती ही दुकानदारी?

वॉकरपासूनच सुरुवात करू, कारण हुकमाचं म्हणून तुम्ही टाकलेलं ते पान माझ्याच बाजूचं आहे. १३ सप्टेंबर १९५२ ला इंग्लंडमधल्या रेडमायर तळ्यात त्याने ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोंचा कार्प धरला, हे खरं. रॉड बांबूच्या पट्ट्या जोडून केलेला होता, हेही खरं. पण तो रॉड त्याने स्वतः आखून स्वतः बनवला होता. मोठ्या कार्पचा जोर झेलेल आणि तरी पुरेसा वाकेल असा रॉड त्याला तयार मिळेना, म्हणून हा खटाटोप. मासा लागल्याची वर्दी देणारं विजेवरचं यंत्रही त्याने घरी जुळवलं. सामानाचा इतका कीस पाडणारा माणूस तुम्ही साधेपणाचा पुरावा म्हणून उभा करताय! आणि त्या माशाचं पुढे काय झालं? तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि १९७१ पर्यंत तिथल्या मत्स्यालयात जगला. पाण्याबाहेर काढलेला २० किलोंचा मासा त्यानंतर एकोणीस वर्षं जगतो, तेव्हा श्रेय एकट्या रॉडचं नसतं.

आता तुमचा साडेतीन पौंडी आग्रह. रॉडवर लिहिलेले पौंड म्हणजे माशाचं वजन नव्हे. ही गफलत तुम्ही केलेली नाही, पण तुमच्याखाली प्रतिक्रिया देणाऱ्या दोघांनी केली आहे, म्हणून सांगतो. मूठ घट्ट धरून ठेवून टोक तिच्याशी काटकोनात येईपर्यंत वाकवायला जितकं वजन लागतं, तो टेस्ट कर्व्ह, आणि रॉडवर लिहिलेला असतो तो हाच आकडा. ढोबळ हिशेब असा, की जितके पौंड तितक्या औंसांचं शिसं, म्हणजे लाइनला लावलेलं वजन, तो रॉड सुखाने फेकतो. तीन पौंडी रॉडला तीन औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम झाले. शंभर मीटरपलीकडे जड शिसं भिरकावणाऱ्याला साडेतीनचा रॉड हवाच, त्यात वाद नाही. पण नवखा माणूस फेकणार चाळीस-पन्नास मीटर, आणि कार्प तर कित्येकदा काठापासून चार हातांवर, वेताच्या मुळाशी किंवा झुकलेल्या फांदीखाली चरत असतो. तिथे ताठ रॉड घातकच ठरतो. जाळ्याच्या तोंडाशी आलेला कार्प माणूस दिसला की शेपटी फिरवून एक शेवटचा हिसका देतो. तो हिसका रॉडने वाकून पोटात घ्यायचा असतो. रॉड वाकला नाही तर सगळा ताण गळाच्या टोकावर येतो आणि ओठाचं भोक मोठं होऊन गळ निसटतो. त्यात तुमची ब्रेडेड लाइन. नायलॉन ताणला की लांबतो, हिसक्याचा थोडा वाटा उचलतो. ब्रेडेड जवळपास लांबतच नाही. ताठ रॉड, न लांबणारी लाइन आणि वर रिळाचा आवळलेला क्लच (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक), मग ‘हाताशी आलेला मासा सुटतो’ ही तुमच्याच प्रतिक्रियेतली तक्रार निराळं काय सांगते?

मासा रॉडने धरतात हे वाक्य मला अर्धंच पटतं. रॉडची कामं दोन, फेकणं आणि झेलणं. ही दोन्ही बेताच्या किमतीचा बारा फुटी कार्बन रॉडही बऱ्यापैकी करतो. मासा धरते ती लाइनची शेवटची वीतभर आणि तुम्ही निवडलेली जागा, आणि या दोन्हींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो तळावरची वस्तू तोंडात ओढतो, चाचपतो, नको असली की फुंकून टाकतो. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी हेअर रिग काढलं ते नेमकं या सवयीवर. आमिष गळात न खुपसता गळाखाली बारीक दोऱ्यावर लोंबतं, गळ उघडाच राहतो, आणि कार्प आमिष थुंकू लागला की टोक खालच्या ओठात रुततं. तेव्हा गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढून पाहा. नखात अडकलं तर ठीक. घसरत गेलं तर तो गळ बाद, कितीही नवा असो. गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतो.

आणि जागा. दोन काठ्या बारा फुटांवर रोवा आणि लाइन त्यांच्याभोवती गुंडाळून अंतर मोजा. एक पल्ला म्हणजे साधारण ३.६६ मीटर, पंधरा पल्ले म्हणजे जवळपास ५५ मीटर. मग लाइन रिळाच्या क्लिपमध्ये अडकवली की अंधारातही फेक तेवढ्याच अंतरावर पडते. त्याआधी नुसतं शिसं फेकून तळ चाचपायचा: शिसं पाण्यात पडताच लाइन ताणलेली ठेवून बोट तिच्यावर टेकवा. कठीण तळावर आपटलं की बोटाला ‘टक्’ असा स्पष्ट ठोका लागतो. गाळात तो मऊ, दबल्यासारखा येतो, आणि पाणवनस्पतींवर शिसं उतरलं तर काहीच कळत नाही. मग ते हळूहळू ओढत आणा. खड्यांवरून येताना टोक थरथरतं, गाळातून येताना जडपणे सरकतं. हे ज्याला कळलं त्याला कोणताही रॉड पुरतो. ज्याला कळलं नाही तो महागड्या रॉडने चुकीच्या जागी लांबवर फेकतो, एवढाच फरक.

जाळं आणि मॅट यांच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त टोले हाणलेत. कार्पसाठी जाळ्याची बाजू साधारण १०७ सेंटिमीटरची, म्हणजे बेचाळीस इंची लागते, ती मिरवायला नव्हे. छोट्या जाळ्यात मोठ्या माशाचं डोकं जातं, धड बाहेर राहतं, मग दुसऱ्यांदा प्रयत्न, तिसऱ्यांदा, आणि तेवढ्यात शिसं जाळीत अडकतं आणि मासा कडेवरून पलीकडे. सुटलेल्या माशांचा दोष रॉडच्या माथी मारला जातो, पण त्यातले पुष्कळ मासे जाळ्याच्या काठावर सुटतात. मॅटचं म्हणाल, तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण. कोरड्या गवतावर, खड्यांवर तो धडपडला की थर निघतो, खवले उडतात, आणि जखमेत बुरशी धरते. मॅट गळ टाकण्याआधीच पसरून ठेवायची. शेजारी पाण्याने भरलेली बादली, गळ काढायचा चिमटा, वजनकाटा. मासा ठेवण्यापूर्वी मॅटवर बादलीभर पाणी ओता. उन्हात पडलेली काळी मॅट तव्यासारखी तापलेली असते. वजनाची झोळीही आधी ओली करा आणि ओल्या झोळीसकट काटा शून्यावर आणा. हात ओले, गुडघे जमिनीवर. उभं राहून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी इथे न बोललेलंच बरं. ‘मासा घरीच न्यायचा तर मॅट कशाला’ असंही तुम्ही लिहिलंत. ज्या पाण्यात ठेवून घ्यायची मुभा आहे तिथे ठेवा, पण लहान मासे आणि पोटात अंडी असलेल्या माद्या तुम्हीही परत सोडत असालच.

एक गोष्ट मात्र फुकट आहे आणि मॅटइतकीच महत्त्वाची. लाइन तुटली तर माशाला शिसं टाकून देता आलं पाहिजे. लेड क्लिपवरचं, म्हणजे शिसं अडकवायच्या क्लिपवरचं, रबर शेवटपर्यंत दाबून बसवलं की शिसं जाम होतं, आणि मासा ते आयुष्यभर ओढत फिरतो. घरीच बोटांनी ओढून पाहा. बेताच्या जोरात निघालं पाहिजे. आणि एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना जाळं-मॅट धुऊन खडखडीत वाळवा. कोई हर्पिस विषाणू कार्पचं आख्खं तळं साफ करू शकतो, आणि ओल्या जाळ्यातून रोग सहज प्रवास करतात.

खाटेला तुम्ही चोचले म्हणालात. तरुणपणी सगळेच जमिनीवर झोपतात. पण रात्री तीनला मासा लागल्याचा अलार्म वाजल्यावर आखडलेल्या अंगाने, अर्धवट झोपेत, ओल्या काठावरून रॉडकडे धावणारा माणूस पाण्यात पडण्याच्या किती जवळ असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. खाटेखालून वारा वाहतो आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही, म्हणून खाटेवर आधी उष्णतारोधक मॅट हवी, मग बॅग. बॅगेवर तापमानाचे तीन आकडे असतात. पाहायचा तो ‘कम्फर्ट’चा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा म्हणजे जेमतेम जीव वाचेल ते तापमान, आणि जाहिरातीत नेमका तोच मोठ्या अक्षरांत छापलेला सापडतो. तंबूच्या कापडावरचा ५,००० किंवा १०,००० मिलिमीटरचा आकडा म्हणजे ते कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं ते. पण सकाळी छतावरून टपकणारं पाणी बहुतेक वेळा पाऊस नसतोच, तुमच्याच श्वासाची वाफ असते. तिला उत्तर जाड कापड नव्हे, झरोके उघडे ठेवणं. शिवाय पाण्यालगत हातोड्याने खुंट्या ठोकू नका. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याचे कान फार तिखट. पिळून रोवायच्या खुंट्या मिळतात.

आता स्टोव्ह. बाकी सगळ्यावर तुमचं-माझं मतभेदासह चालून जाईल, इथे नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, म्हणून हवेतलं थोडं प्रमाणही तासाभरात रक्तात साठत जातं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. थकलेल्या माणसाला वाटतं जागरणाने झालं असेल, आणि तो पडतो. झोपेत तर तेवढीही सूचना मिळत नाही. ‘दार हातभर उघडं’ या तोडग्यात गोम अशी, की वारा पडला किंवा दिशा बदलली की हवा खेळायची थांबते, आणि पाऊस सुरू झाला की झोपेतला माणूस पहिल्यांदा काय करतो? चेन ओढतो. सर्वांत वाईट म्हणजे कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत घेणं. राख धरलेले, विझल्यासारखे दिसणारे निखारे तासन्‌तास हा वायू सोडत राहतात. तळ्याकाठच्या तंबूंत आणि गाड्यांत याने माणसं मेली आहेत, आणि ती अडाणी नव्हती. शिवाय ज्योत कापडाला लागली तर एकच चेन, तीही वितळणारी, आणि आत तुम्ही स्लीपिंग बॅगेत गुंडाळलेले. तेव्हा स्टोव्ह बाहेर, सपाट जमिनीवर, वाऱ्याला आडोसा करून. पाऊस असेल तर वेगळी छत्री लावा किंवा चहा उशिरा प्या. बॅटरीवरचा वायूसूचक अलार्म जरूर बाळगा, पण तो आहे म्हणून आत पेटवायचं नाही.

विजेच्या तारांबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, तरी ओघात सांगतो: कार्बन रॉडमधून वीज वाहते. तारांखाली उभा रॉड घेऊन फिरू नका आणि ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून लांब व्हा.

तुम्ही विचारलंत, पैसे खरोखरच तुटपुंजे असतील तर काय गाळाल? तिसरा रॉड, चकचकीत रॉड-पॉड (रॉड टेकवायची घोडी) आणि दहा प्रकारची आमिषं. दोन रॉड, जमिनीत रोवायच्या साध्या काठ्या आणि एकाच प्रकारचं आमिष भरपूर, एवढ्यात उत्तम भागतं. जाळं आणि मॅट मात्र मी गाळणार नाही, मग पहिल्या खेपेला रॉड कुणाकडून उसना आणावा लागला तरी चालेल.

तुमचे साडेतीन पौंडी रॉड विकू नका, लांब फेकीला ते लागतीलच. पण काठाजवळ गरवताना त्यांच्यावर ०.३५ मिलिमीटरचं नायलॉन चढवा, क्लच हाताने ओढल्यावर लाइन सुटेल इतका ढिला ठेवा, आणि मासा जाळ्याच्या टप्प्यात आला की रॉड सरळ वर उचलण्याऐवजी आडवा धरून एका कुशीला वळवा. सुटणाऱ्या माशांचं प्रमाण कितीने घटतं ते इथेच खाली कळवा.